वस्तीतली बेकरी फ्रँचायझी: गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येतं

बेकरीची फ्रँचायझी घेतली, म्हणजे एखाद्या कंपनीच्या नावाने दुकान चालवायचा करार केला, की पाटी, खोके, पाककृती आणि थोडीफार ओळख आयती मिळते. पहिल्या आठवड्यातली गर्दी बरीचशी त्या पाटीचीच असते. नव्याचे नऊ दिवस सरले की आसपास राहणारी माणसं मनाशी एक साधा हिशेब करतात: मला हवा तो ब्रेड, मला हवा त्या वेळी, मागच्यासारखाच इथे मिळेल का? काही आठवडे सलग याचं उत्तर ‘हो’ असं मिळालं की ती हिशेब करायचं सोडून देतात आणि पाय आपसूक इकडे वळतात. ज्याला आपण बांधलेलं गिऱ्हाईक म्हणतो ते हेच. माझ्या मते या धंद्यातली निष्ठा ही प्रेमापेक्षा सवयीच्या जास्त जवळची आहे. ती सवय लागावी असं वाटत असेल तर वेळ आणि चव हलता कामा नये.

पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहेत. सजावट आणि समाजमाध्यमांवरचे फोटो यांबद्दल इथे फारसं काही नाही. ते काम कंपनी करतेच, आणि त्यात थोडं कमीजास्त झालं तरी दुकान बसत नाही.

पायरी १: सही करण्याआधी

रॉयल्टी, म्हणजे कंपनीला नियमित द्यायचा वाटा, किती टक्के, हे सगळे विचारतात. ती कशावर, हे फार थोडे विचारतात. बहुतेक करारांत ती एकूण विक्रीवर असते, नफ्यावर नसते, आणि शिवाय जाहिरात निधी वेगळा. याचा अर्थ कागदावर मांडून बघा. समजा १०० ची विक्री झाली. कच्चा माल ३५, पगार २५, भाडं १२, वीज आणि किरकोळ ६, रॉयल्टी ६, जाहिरात निधी २. हातात राहिले १४, तेही कर्जाचा हप्ता आणि तुमची स्वतःची मेहनत धरायच्या आधी. आता विक्री ९० वर आली असं समजा. कच्चा माल आणि कंपनीचा वाटा त्या मानाने उतरेल, पण पगार, भाडं आणि वीज जागची हलणार नाही. शिल्लक उरते ८.३. विक्री दहा टक्क्यांनी घसरली, शिल्लक मात्र चाळीस टक्क्यांनी. विक्री ७५ च्या आसपास आली की शिल्लक संपली, आणि कंपनीचा वाटा तेव्हाही द्यायचाच आहे. आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या जागेचं भाडं आणि तुमच्या करारातले टक्के घालून हेच गणित पुन्हा करा, आणि ‘ना नफा ना तोटा’ व्हायला रोज किती बिलं फाडावी लागतील तो आकडा काढून ठेवा. सहीच्या वेळी बाकी सगळं विसरलात तरी तो आकडा डोक्यात हवा.

दुसरं काम म्हणजे फ्रँचायझी सोडून गेलेल्यांना फोन करणं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमानुसार कंपनीला २३ मुद्द्यांचा माहितीदस्त सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यावा लागतो, आणि त्यात चालू दुकानदारांबरोबरच अलीकडे बाहेर पडलेल्यांचे संपर्कही असतात. सगळ्याच देशांत अशी सक्ती नाही. नसेल तिथे ही यादी स्वतःहून मागा. कंपनी निवडून देते ते दुकानदार गोडच बोलणार. सोडून गेलेला माणूस दहा मिनिटांत खरं काय ते सांगतो. त्याला एवढंच विचारा: कच्चा माल वेळेवर यायचा का, आणि अडचण आली तेव्हा फोन कोण उचलायचं?

तिसरा मुद्दा हद्दीचा. ‘तुमच्या भागात दुसरं दुकान देणार नाही’ हे वाक्य पुरेसं नाही. तोच माल कंपनी सुपरमार्केटमध्ये, पेट्रोल पंपावरच्या दुकानात किंवा घरपोच ॲपवर विकू शकते का, हे वेगळं लिहून घ्या. क्रिस्पी क्रीम या अमेरिकी डोनट कंपनीचं उदाहरण इथे पाहण्यासारखं आहे. गरम डोनट तयार झाले की दुकानावर लाल दिवा लागायचा आणि लोक तो बघून गाडी वळवायचे. २००० साली शेअर बाजारात उतरल्यावर कंपनीने दुकानं झपाट्याने वाढवली, तेच डोनट किराणा आणि पंपांवरच्या दुकानांतही भरपूर ठेवले. जे कुठेही थंडगार मिळतं त्यासाठी वाट वाकडी कोण करणार? काही वर्षांतच अनेक दुकानं बंद करायची वेळ आली. कारणं आणखीही होती, पण आपल्या दाराशी येण्याचं कारण कंपनीनेच काढून घेतलं तर दुकानदाराच्या हातात काही उरत नाही.

चौथा मुद्दा मोकळीक किती, हा. काही कंपन्या बिस्किटाचा आकारसुद्धा ठरवून देतात. उलट टोकाला ग्रेट हार्वेस्ट ब्रेड ही १९७६ साली माँटानात सुरू झालेली कंपनी आहे. सुरुवातीचा शिकाऊ काळ संपला की तिथल्या दुकानदाराला पाककृतीपासून दुकानाच्या रूपापर्यंत बरंच काही स्वतः ठरवता येतं. आधी बेकरी चालवलेल्या माणसाला ही मोकळीक मानवते. नवख्याने मात्र घट्ट चौकट असलेली कंपनी घ्यावी, असं मला वाटतं. पहिल्या वर्षी निर्णय जितके कमी तितकं लक्ष भट्टीवर राहतं.

पायरी २: जागा

बेकरीला वर्दळ लागते, पण कुठली वर्दळ ते बघायला हवं. बसथांबा गाठायला धावणारी शंभर माणसं आणि घरी परतताना पिशवी घेऊन चालणारी तीस माणसं यांत वस्तीतल्या बेकरीला तीसच हवी. रस्त्याच्या ज्या बाजूने लोक संध्याकाळी घरी येतात ती बाजू घ्या. आठवड्यातला एक साधा दिवस आणि एक सुटीचा दिवस, सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८, समोर उभं राहून माणसं मोजा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका; कोण थांबतं आणि कोण नुसतं निघून जातं, ते आकड्यांत दिसत नाही.

जागा पसंत पडली की भट्टीला लागणारा वीजभार, धुराड्याची वाट आणि पहाटे माल उतरवायला गाडी थांबेल का, या तीन गोष्टी करार करण्याआधीच तपासा. वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर पहाटेच्या यंत्रांचा आवाज हा पुढे कायमचा तंटा ठरू शकतो.

पायरी ३: भट्टीचं वेळापत्रक उलटं बांधा

कधी भाजायचं हे बेकर ठरवतो आणि लोकांनी त्याप्रमाणे यावं, अशी बहुतेक दुकानांची रीत. ती उलटी करा. लोक कधी येतात ते ठरलेलं आहे. तिथून मागे मोजत या.

साध्या ब्रेडचा हिशेब असा: मळायला १५ मिनिटं, पहिल्यांदा फुगायला सव्वा तास, आकार देऊन विसावा २५ मिनिटं, साच्यात दुसऱ्यांदा फुगायला ५० मिनिटं, भाजायला अर्धा तास आणि काप करायचे असतील तर निवायला किमान सव्वा तास. म्हणजे साडेचार तास झाले. सकाळी ७ ला फळीवर कापलेला ब्रेड हवा असेल तर अडीच वाजता पीठ यंत्रात पडलेलं हवं. हे रोज जमणार नसेल तर तसं आधीच कबूल करा आणि कंपनीकडून गोठवलेलं पीठ किंवा अर्धवट भाजलेला माल घ्या, नाहीतर पीठ रात्रभर शीतकपाटात सावकाश फुगू द्या. यात कमीपणा काही नाही. रात्रभर सावकाश फुगलेल्या पिठाला तर बऱ्याचदा जास्त चव येते. फसवणूक होते ती ‘इथेच पहाटे मळलं’ असं लिहिल्यावर.

निवण्याचा सव्वा तास गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गरम ब्रेड पिशवीत भरला की आत वाफ धरते, साल मऊ पडते आणि दोन दिवसांत बुरशी येते. गिऱ्हाईक बुरशी घेऊन येतं तेव्हा तुम्हाला ती पहाटेची घाई आठवतही नसते.

वस्तीतल्या दुकानाचा जीव मात्र संध्याकाळच्या घाण्यात असतो. दुपारी ४ नंतर भट्टीतून एकही गरम ट्रे न निघणाऱ्या बेकऱ्या आहेत, आणि ऐन परतीच्या वेळी त्यांच्या फळीवर सकाळचे उरलेले चार तुकडे असतात. अर्धवट भाजलेला माल १०-१५ मिनिटांत तयार होतो. साडेचारला एक ट्रे, साडेपाचला दुसरा, साडेसहाला तिसरा असे छोटे घाणे काढा. एकदम मोठा घाणा काढला तर पहिल्या तासाचं गिऱ्हाईक खूश आणि शेवटच्या तासाचं नाराज. घाण्याच्या वेळा दारावर लिहा आणि लिहिल्या की पाळा. ‘साडेपाचला गरम’ असं लिहून पावणेसहाला माल आणला तर पाटी नसती तरी बरं झालं असतं.

वास हीसुद्धा या वेळापत्रकाचाच भाग आहे. दालचिनी रोलसाठी प्रसिद्ध असलेली सिनाबॉन कंपनी दुकानाच्या पुढच्या भागात भट्टी ठेवण्याचा आग्रह धरते, तो याचसाठी. तुमची भट्टी मागे असेल तर निदान शेवटचा घाणा निवायला ठेवायची जाळी काउंटरजवळ आणा.

पायरी ४: किती भाजायचं

या धंद्यात पैसा कमवला आणि घालवला जातो तो इथे. कमी भाजलं तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं, जास्त भाजलं तर माल वाया जातो. दोन्हींची भीती सारखीच वाटते, पण दोन्हींचं नुकसान सारखं नसतं.

एक पदार्थ घ्या. विक्री १००, कच्चा माल ३५. रॉयल्टी सध्या बाजूला ठेवू. एक नग कमी पडला तर ६५ चा नफा हुकला. एक नग उरला आणि टाकून द्यावा लागला तर ३५ गेले. ६५ ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे १०० ने, भागा: ०.६५. याचा अर्थ शंभरांतल्या ६५ दिवशी पुरेल इतका माल करणं सगळ्यात फायद्याचं, आणि उरलेल्या ३५ दिवशी तो संपला तरी चालेल. उरलेला नग टोस्ट किंवा ब्रेडचा चुरा करून २० ला जात असेल तर नुकसान १५ च उरलं. मग ६५ भागिले ८०, म्हणजे ०.८१. उरलेल्या मालाला वाट करून दिली की जास्त भाजायची हिंमत करता येते ती अशी. व्यवस्थापनशास्त्रात हे गणित वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणून ओळखलं जातं, कारण पेपरही उद्या शिळा.

ते वापरायला संगणक लागत नाही. गेल्या २० मंगळवारांचा त्या पदार्थाचा खप चढत्या क्रमाने एका कागदावर लिहा. ०.६५ साठी तेरावा आकडा घ्या, ०.८१ साठी सोळावा. येत्या मंगळवारी तितकं भाजा. प्रत्येक वाराचा कागद वेगळा ठेवा, कारण रविवार आणि मंगळवार यांची सरासरी काढून हाती काहीच लागत नाही.

इथे एक मोठी गोम आहे. ज्या दिवशी माल दुपारीच संपला त्या दिवशीचा खप हा खरा खप नव्हे. चाळीस गेले कारण चाळीसच होते; मागणी साठाची असू शकते. म्हणून किती गेले याबरोबर किती वाजता संपले हेही लिहा, आणि संपल्यावर कोणी विचारलं की काउंटरवरच्या वहीत एक रेघ ओढायला लावा. बिलाच्या यंत्रात न दिसणारी ही रेघ धंद्यातली सगळ्यात स्वस्त माहिती आहे.

आता सवयीचा मुद्दा. वरच्या गणितात हुकलेल्या नगाची किंमत ६५ धरली. पण रोज तोच ब्रेड न्यायला येणारी बाई एकदा रिकाम्या हाताने गेली, दुसऱ्यांदाही गेली, तर तिसऱ्यांदा ती दुसरीकडे वळते आणि मग वर्षभराची विक्री जाते. अशा पदार्थांसाठी हुकल्याचं नुकसान कितीतरी मोठं धरायला हवं. म्हणून फळीचे दोन भाग करा. पाच-सहा पदार्थ असे, की दुकान बंद होण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते संपताच कामा नयेत; थोडे उरले तर उरू द्या. बाकीचे सगळे संपले तरी चालतील, किंबहुना संपावेतच. पहिल्या भागात काय ठेवायचं हे खपाच्या एकूण आकड्यावरून ठरवू नका. एकच माणूस आठवड्यातून तीनदा काय नेतो त्यावरून ठरवा. बहुतेक वेळा ते साध्यासुध्या ब्रेडचे प्रकार निघतात. जाहिरातीतला देखणा केक त्यात क्वचितच असतो.

रात्री उरलेला माल अर्ध्या किमतीत काढायचा का? वस्तीतल्या दुकानात रोजच्या रोज तसं करण्याच्या मी विरुद्ध आहे. महिन्याभरात लोक वेळ ओळखतात आणि सहाला येणारे नऊला येऊ लागतात. ऑस्ट्रेलियात १९८० साली सुरू झालेली बेकर्स डिलाइट ही फ्रँचायझी साखळी दिवसाचा उरलेला माल धर्मादाय संस्थांना देते. तो मार्ग जास्त स्वच्छ आहे. करारात परवानगी आहे का तेवढं बघा, आणि कोणती संस्था किती वाजता घेऊन जाणार हे आधी पक्कं करा.

पायरी ५: तीच चव, बाराही महिने

पाककृती कंपनीची, पीठही कंपनीचं, तरी उन्हाळ्यात ब्रेड आंबूस आणि हिवाळ्यात दडस का होतो? कारण पाककृतीत हवामान लिहिलेलं नसतं. मळून झालेल्या पिठाचं तापमान साधारण २५ अंश सेल्सिअस असावं, आणि ते हातात ठेवायचं साधन म्हणजे पाणी. रीत अशी: हवं असलेलं तापमान गुणिले तीन, त्यातून कोरड्या पिठाचं तापमान, खोलीचं तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारे अंश वजा करा, उरेल ते पाण्याचं तापमान. समजा पीठ २८, खोली ३०, घर्षण १०. पंचाहत्तरमधून ६८ गेले, पाणी ७ अंशांचं हवं, म्हणजे बर्फ घालावा लागणार. थंडीत पीठ २२ आणि खोली २२ असेल तर तेच पाणी २१ अंशांचं. घर्षणाचा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. दोन-चार वेळा मळून, मोजून तो काढून घ्या आणि यंत्रावर चिकटवा.

सगळं वजनावर करा, मापट्यावर काहीच नको. मैदा १०० धरला तर मीठ साधारण २, ताजं यीस्ट २ ते ३, पाणी ६० ते ६५, अशा टक्क्यांत पाककृती लिहिलेली असली की घाणा लहान-मोठा केला तरी चव हलत नाही. ब्रेड भाजला गेला की नाही हे रंगावर सोडू नका. आतलं तापमान ९३ ते ९८ अंश दाखवणारा सळईचा तापमापक हातात द्या. काट्यावर तयार ब्रेडचं वजनही अधूनमधून बघा. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात ब्रेडच्या वजनाचा कायदा आला तेव्हा शिक्षेच्या भीतीने बेकर डझनाला तेरा नग देऊ लागले, असं सांगतात. आज शिक्षा गिऱ्हाईक करतं, तीही न बोलता.

दुकानातल्यांना आणि गिऱ्हाइकांनाही सांगायची एक गोष्ट: ब्रेड शीतकपाटात ठेवू नका. ब्रेड शिळा होतो तो मुख्यतः त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो म्हणून, नुसतं पाणी उडून नव्हे. शीतकपाटाच्या तापमानाला ही क्रिया जास्त वेगाने होते. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर काप करून थेट उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. कडक झालेला ब्रेड चांगला गरम केला की काही वेळ पुन्हा मऊ होतो. पिशवी देताना दोन वाक्यांत हे सांगणारा विक्रेता लोकांच्या लक्षात राहतो. क्रीम असलेल्या केकचं मात्र उलटं: तो ५ अंशांच्या खाली, आणि काचेच्या कपाटाचं तापमान दिवसातून तीनदा वहीत.

पायरी ६: काउंटर

रांगेतल्या माणसाचा वेळ हा तुमच्या हातातला नाशवंत माल आहे. सकाळी तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं की कामावर निघालेला माणूस उद्यापासून येत नाही. गर्दीच्या तासात एकाने फक्त पिशव्या भरायच्या, दुसऱ्याने फक्त पैसे घ्यायचे. काप करण्याचं काम गर्दीच्या आधी उरकलेलं असावं.

नाव लक्षात ठेवण्यापेक्षा काय नेतात ते लक्षात ठेवायला माणसांना शिकवा. ‘आज बन दोनच राहिलेत, तुमचे बाजूला ठेवू का?’ या प्रश्नाला कुठलंही ॲप पुरं पडत नाही. नवा पदार्थ आला की आधी चव द्या, मग नाव सांगा. चवीचा तुकडा नखाएवढा नको. एक घास भरेल इतका हवा.

घटकांबाबत मात्र अंदाजपंचे उत्तर चालणार नाही. २०१६ साली ब्रिटनमध्ये विकत घेतलेला बगेट (लांबट फ्रेंच ब्रेड) खाऊन, पिठात मिसळलेल्या, वरून न दिसणाऱ्या तिळांमुळे १५ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये दुकानातच पॅक करून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांवरही सगळे घटक आणि ॲलर्जीकारक गोष्टी ठळकपणे छापणं सक्तीचं झालं. तुमच्याकडे कायदा काहीही म्हणो, गहू, दूध, अंडं, सोया, तीळ, शेंगदाणे आणि सुकामेवा कशाकशात आहेत याचा तक्ता काउंटरमागे लावा. विक्रेत्याला माहीत नसेल तर ‘नसावं बहुतेक’ असं म्हणायची मुभा नाही. तक्ता बघूनच उत्तर.

पायरी ७: शिक्क्यांचं कार्ड

जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या संशोधकांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे थेट कामाला येतो. गाड्या धुण्याच्या केंद्रावर ३०० ग्राहकांना शिक्क्यांची कार्डं दिली: दर फेरीला एक शिक्का, कार्ड भरलं की बक्षीस. अर्ध्यांना ८ चौकटींचं रिकामं कार्ड, बाकीच्यांना १० चौकटींचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही यायचं होतं आठच वेळा. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्या गटात ३४ टक्के. कॉफीच्या कार्डांवर झालेल्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की बक्षीस जवळ आलं की लोक लवकर लवकर येतात आणि ते मिळाल्यावर पुन्हा ढिले पडतात. यावरून दोन गोष्टी करा: कार्ड कोरं देऊ नका, आणि बक्षीस हातात देतानाच दोन शिक्के मारलेलं नवं कार्ड द्या.

बक्षीस म्हणून सूट देण्यापेक्षा त्या माणसाने अजून न खाल्लेला पदार्थ द्यावा. त्याच्या लेखी तो पूर्ण किमतीचा असतो, तुम्हाला फक्त कच्चा माल लागतो, आणि पुढच्या वेळी त्याच्या पिशवीत एक वस्तू वाढायची शक्यता असते. कंपनीचं ॲप असेल तर वापराच, पण त्यातली गिऱ्हाइकांची माहिती कोणाच्या मालकीची आहे ते करारात बघून ठेवा.

पायरी ८: तक्रार

माल परत आला की वाद घालू नका, नवा द्या, आणि एक नग वर द्या. हा अधिकार काउंटरवरच्या सगळ्यात नव्या मुलालाही असला पाहिजे. ‘मालक आल्यावर बघू’ म्हणजे तक्रार दुपटीने वाढवणं. संध्याकाळी तक्रारींची वही बेकरसमोर उघडा. एकाच घाण्याच्या दोन तक्रारी आल्या तर तो योगायोग समजू नका.

पायरी ९: माणसं आणि कंपनी

चव टिकवणारा बेकर आणि गिऱ्हाईक ओळखणारा विक्रेता, ही दोन माणसं गेली की सवय तुटते. पगारवाढीचा पहिला पैसा त्यांच्यावर खर्च करा. त्यांच्या सुटीच्या दिवशी काम अडू नये म्हणून प्रत्येकाच्या हाताखाली एक जण तयार असावा. पाळी बदलताना पाच मिनिटांची वही: काय कमी आहे, कोणाची ऑर्डर आहे, कोणतं यंत्र कुरकुरतंय. रोज सकाळी पहिल्या घाण्यातला एक नग दोघांनी मिळून खायचा. आवडला नाही तर तो ट्रे फळीवर जात नाही. खर्चिक वाटतं, पण आठवड्याला एखादाच ट्रे असा अडतो.

कंपनीशी बोलताना तक्रारीपेक्षा आकडे जास्त चालतात. ‘इथे हे चालत नाही’ असं कळवलं तर उत्तर येत नाही. ‘हा पदार्थ सहा आठवडे ठेवला, रोज वीस केले, सरासरी अकरा उरले, त्या जागी हा ठेवून बघू द्या’ असं कळवलं तर निदान बैठक तरी होते. जाहिरात निधीचा हिशेब दरवर्षी मागा. तपासनीस येणार म्हणून दुकान चकाचक करायची सवय मात्र लावून घेऊ नका. तो वर्षातून काही वेळाच येतो. शेजारची माणसं रोज तपासायला येतात.

दुसऱ्या दुकानाआधी

पहिलं चाललं की कंपनीच दुसरं घ्या म्हणून मागे लागते, कारण तिला रॉयल्टी विक्रीवर मिळते. घाई करू नका. आधी दोन आठवडे दुकानापासून लांब राहा, फोन न करता. परत आल्यावर तीन वह्या बघा: संपल्यावर विचारलेल्यांच्या रेघा, पिठाच्या तापमानाची नोंद आणि तक्रारी. आकडे तुम्ही असतानासारखेच असतील तर दुसऱ्या जागेचा करार वाचायला घ्या. नसतील तर कोणत्या वाराला, कोणत्या पाळीत ते घसरले ते शोधा आणि तिथल्या माणसाला आणखी तीन महिने द्या.